सात लेकरांचं घर पियानोवर चालवणारी क्लारा शुमान

मे १८४९. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बंड पेटलं होतं. बंडवाले घराघरांतून पुरुषांना लढायला ओढून नेत होते. संगीतकार रॉबर्ट शुमानला वाचवायचं म्हणून त्याची बायको क्लारा त्याला आणि थोरल्या मुलीला घेऊन मागच्या दाराने निसटली. तीन लहान मुलं मोलकरणीपाशी घरीच राहिली. दोन दिवसांनी पहाटेच्या अंधारात क्लारा परत शहरात शिरली आणि तिघांनाही घेऊन आली. तेव्हा तिला सातवा महिना चालू होता.

आणि ही बाई त्या काळातल्या युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या पियानोवादकांपैकी एक होती.

क्लाराचा जन्म १८१९ चा, लाइपझिगचा. वडील पियानोचे शिक्षक. सोळाव्या वर्षी तिने स्वतः रचलेला पियानो कॉन्चेर्तो भर सभागृहात वाजवला. रॉबर्टशी लग्नाला वडिलांचा इतका विरोध, की प्रकरण कोर्टात गेलं. १८४० मध्ये लग्न झालं. पुढच्या चौदा वर्षांत आठ मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं.

दौऱ्यांचा पैसा घराला हवाच होता, पण रियाज करायचा कधी? रॉबर्ट रचना करायला बसला की पातळ भिंतींमुळे तिचा पियानो बंद. १८५३ मध्ये ड्युसेलडॉर्फला असं घर मिळालं, जिथे त्याला त्रास न होता तिला वाजवता यायचं. त्याच उन्हाळ्यात तिने गाणी, पियानो आणि व्हायोलिनच्या रचना झरझर लिहून काढल्या. एका खोलीने केवढा फरक पडतो बघा!

हे सुख वर्षभरसुद्धा टिकलं नाही. फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण त्याला बॉनजवळच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. दोन वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांनी क्लाराला त्याला भेटू दिलं नाही. ती भेटली ती थेट त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी.

दरम्यान जूनमध्ये धाकटा फेलिक्स जन्मला, आणि तो चार महिन्यांचा असताना क्लारा दौऱ्यावर निघाली. लोकांच्या मदतीवर घर चालवणं तिला मान्य नव्हतं. घराचा हिशोब तरुण योहानेस ब्राम्सने सांभाळला. पुढे मुलं विखुरली. कुणी बोर्डिंगमध्ये, कुणी बर्लिनला आजीकडे. आईपण बरंचसं पत्रांतून चालायचं.

या सगळ्यात बळी गेला तो तिच्यातल्या रचनाकाराचा. कार्यक्रम केला की पैसे लगेच हातात पडतात. रचनेला महिनोन्‌महिने लागतात आणि पैशांचा भरवसा नसतो. १८५६ नंतर तिने नवं जवळजवळ काहीच लिहिलं नाही.

मुलांच्या बाबतीतही नशीब क्रूर निघालं. लुडविग मनोरुग्णालयात गेला. यूली १८७२ मध्ये वारली. फेलिक्स चोविसाव्या वर्षी क्षयाने गेला. फर्डिनांडला लष्करात असताना जडलेल्या दुखण्यावर मॉर्फिन दिलं गेलं, त्याचं व्यसन लागलं.

१८७८ पासून क्लारा फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयात शिकवू लागली. मारी आणि ऑयगेनी या मुली तिच्या हाताखाली शिकवायच्या. १८९१ च्या मार्चमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, तिने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. त्याच वर्षी फर्डिनांड वारला. त्याच्या मुलांची जबाबदारीही मग आजीवरच आली.