ओले-योहान डाल

ओले-योहान डाल (१२ ऑक्टोबर १९३१ – २९ जून २००२) हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ होते. क्रिस्टेन न्यूगोर यांच्यासह त्यांनी सिम्युला ही संगणकभाषा घडवली. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आज्ञावलीलेखनाचा उगम या भाषेत मानला जातो. आज्ञावलीची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करण्याच्या शास्त्रातही त्यांनी मोलाची भर घातली.

जीवन
डाल यांचा जन्म दक्षिण नॉर्वेतील मान्दाल येथे झाला. १९५२ पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते. १९६३ मध्ये ते नॉर्वेजियन संगणन केंद्रात गेले आणि १९६८ मध्ये ओस्लो विद्यापीठात संगणकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

सिम्युला
रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामे यांची प्रतिकृती संगणकावर उभी करणे हा सिम्युलाचा मूळ हेतू होता. ‘सिम्युला ६७’ या आवृत्तीत क्लास म्हणजे वर्ग, उपवर्ग आणि वारसा या संकल्पना आल्या. माहिती आणि तिच्यावरील क्रिया वर्गात एकत्र नांदू लागल्या.

आकारिक पडताळणी
निवडक उदाहरणांवर आज्ञावली चालवून पाहिल्याने उरलेल्या असंख्य उदाहरणांची हमी मिळत नाही. त्यासाठी सिद्धता लागते. वर्गामुळे तिला सोयीची चौकट मिळाली. उदाहरणार्थ, बँकखात्याच्या वर्गात शिल्लक कधीही शून्याखाली जाऊ नये, असा नियम असतो. खाते उघडताना तो पाळला जातो आणि प्रत्येक क्रियेनंतर टिकतो, एवढे सिद्ध केले की तो सदैव खरा ठरतो. मात्र बाहेरून कोणी शिल्लक थेट बदलू शकत असेल, तर ही सिद्धता कोसळते. मूळ सिम्युला ६७ मध्ये असा बदल शक्य होता. ही उणीव पुढे दूर करण्यात आली. उपवर्गांनीही मूळ वर्गाचा नियम पाळणे आवश्यक असते.

टोनी होअर यांनी १९७२ मध्ये वर्गाच्या याच कल्पनेच्या आधारे अशा सिद्धतेची रीत मांडली. त्याच वर्षी डाल, डाइक्स्ट्रा व होअर यांचा ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डाल यांनी पुढे सिद्धतेच्या अभ्यासाला वाहून घेतले. ‘व्हेरिफाएबल प्रोग्रॅमिंग’ (१९९२) हा ग्रंथ त्याचे फलित होय. जिथे चूक परवडत नाही अशा क्षेत्रांत ही शास्त्रशाखा उपयोगी पडते. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही तिच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन झाले.

सन्मान
डाल व न्यूगोर यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार आणि २००२ चे जॉन फॉन नॉयमन पदक मिळाले. डाल यांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतच न्यूगोर यांचेही निधन झाले. दोघांच्या स्मरणार्थ २००५ पासून डाल-न्यूगोर पुरस्कार दिला जातो.