बॅटमॅनच्या आडनावामागचा जनरल : पगार थकला म्हणून त्याच्याच रेजिमेंटनी बंड केलं होतं

बॅटमॅनचं खरं नाव ब्रूस वेन, हे शेंबड्या पोरालाही माहितीये. पण यातलं वेन कुठून आलं? तर कॉमिक लिहिणाऱ्या बिल फिंगरने ते उचललं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एका जनरलच्या नावावरून. या गड्याचं नाव अँथनी वेन. लोक त्याला मॅड अँथनी म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत येडा अँथनी.

आता हा येडा होता का? तर अजिबात नाही. त्याची स्टोरी नीट वाचली तर तो लय हिशेबी माणूस वाटतो.

वेनचा जन्म 1 जानेवारी 1745 चा. गाव पेनसिल्व्हेनियातलं वेन्सबरो. बापाचा कातडी कमावण्याचा धंदा होता, घरची शेतीवाडी होती. पोरगं काकाच्या शाळेत शिकलं आणि जमीन मोजणीचं काम करायला लागलं. विशीत असताना जमीन मोजायला पार नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन आलं. 1766 मध्ये लग्न झालं, दोन मुलं झाली, बापाचा धंदा हातात आला. सगळं सेट होतं. मग 1775 ला इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटलं.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉशिंग्टनच्या फौजेला कॉन्टिनेंटल आर्मी म्हणायचे. नाव एक असलं तरी आतून तो 13 राज्यांचा गोतावळा होता. काँग्रेसने सप्टेंबर 1776 मध्ये ठरवलं की एकूण 88 बटालियन उभ्या करायच्या आणि प्रत्येक राज्याने आपला वाटा द्यायचा. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियाच्या वाट्याला आल्या प्रत्येकी 15, पेनसिल्व्हेनियाला 12. डेलावेअर आणि जॉर्जियाला फक्त एकेक. पोरं राज्याने भरती करायची, कर्नलपर्यंतचे अधिकारी राज्याने नेमायचे, कपडालत्ताही बराचसा राज्यानेच बघायचा. पगार काँग्रेस देणार, तोही कागदी डॉलरमध्ये. एका राज्याच्या सगळ्या रेजिमेंट मिळून जे व्हायचं, त्याला त्या राज्याची लाइन म्हणायचे.

वेन होता पेनसिल्व्हेनिया लाइनचा. जानेवारी 1776 मध्ये तो चौथ्या पेनसिल्व्हेनिया बटालियनचा कर्नल झाला, कॅनडाच्या मोहिमेत लढून आला आणि फेब्रुवारी 1777 मध्ये ब्रिगेडियर जनरल. लष्करी शिक्षण शून्य, जे काही होतं ते पुस्तकं वाचून.

पहिला मोठा तडाखा बसला 20 सप्टेंबर 1777 च्या रात्री. जागा होती पाओली, वेनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. इंग्रज जनरल चार्ल्स ग्रे याने आपल्या सैनिकांच्या बंदुकीतल्या चकमकीच गारगोट्या काढायला लावल्या. चुकूनही गोळी सुटायला नको, आवाज व्हायला नको. नुसत्या संगिनींनी वेनच्या तळावर हल्ला झाला आणि पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. तळ बेसावध ठेवल्याचा ठपका वेनवर आला. त्याने स्वतःच कोर्ट मार्शल मागून घेतलं आणि त्यातून तो निर्दोष सुटला.

पण ती रात्र त्याने लक्षात ठेवली असावी. कारण दोन वर्षांनी, जुलै 1779 मध्ये हडसन नदीकाठचा स्टोनी पॉइंटचा इंग्रज किल्ला त्याने घेतला तो डिट्टो त्याच पद्धतीने. वेगवेगळ्या राज्यांच्या रेजिमेंटमधून निवडलेली हजारावर पोरं, मध्यरात्रीची वेळ, बंदुका रिकाम्या आणि पुढे संगिनी. फक्त नॉर्थ कॅरोलिनाच्या एका तुकडीला समोरून गोळ्या झाडायला सांगितलं होतं, म्हणजे इंग्रजांचं लक्ष तिकडे जाईल. अर्ध्या तासाच्या आसपास खेळ खल्लास. वेनच्या डोक्याला गोळी चाटून गेली, तरी तो आत गेलाच. काँग्रेसने सोन्याचं पदक दिलं.

पदकाने सैनिकांचं पोट थोडंच भरणार होतं?

1780 संपत आलं तेव्हा न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या तळावर पेनसिल्व्हेनियाची पोरं थंडीत कुडकुडत होती. वर्षभर पगार नव्हता. कागदी डॉलरची किंमत रद्दीइतकी झालेली. आणि त्याहून मोठा राग होता कराराचा. यातली बरीच पोरं 1777 च्या सुमारास 20 डॉलर घेऊन भरती झाली होती. करारात लिहिलेलं, तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत. सैनिक म्हणत, तीन वर्षं झाली, सोडा आम्हाला. अधिकारी म्हणत, युद्ध कुठं संपलंय? वर नव्या भरतीला रोख नाणी मिळणार असं कानावर येत होतं. वेन महिनोन्‌महिने राज्य सरकारला पत्रं लिहून सांगत होता की माणसं उघडी आहेत, पगार नाही, हे टिकणार नाही. कुणी मनावर घेतलं नाही.

1 जानेवारी 1781, वेनचा छत्तिसावा वाढदिवस. त्या रात्री दीड हजारच्या आसपास सैनिक हत्यारं आणि तोफा घेऊन बाहेर पडले. झटापटीत कॅप्टन ॲडम बेटिन मेला. वेन पिस्तूल घेऊन आडवा गेला तर त्याच्या छातीला संगिनी लागल्या. तुमच्यावर राग नाही, आमचं भांडण काँग्रेसशी आहे, असं त्याला बजावण्यात आलं. सार्जंट लोकांची एक समिती बनली आणि सगळी फौज शिस्तीत प्रिन्स्टनकडे निघाली. वेन दोन कर्नलना घेऊन त्यांच्या मागोमाग गेला.

इंग्रजांना वाटलं, लॉटरी लागली. जनरल क्लिंटनने दोन माणसं पाठवली, आमच्याकडे या, थकलेला सगळा पगार देतो म्हणून. सैनिकांनी काय केलं? त्या दोघांना धरून थेट वेनच्या ताब्यात दिलं. दोघंही फासावर गेले. याबद्दल सोन्याच्या नाण्यांचं बक्षीस देऊ केलं, तर सैनिकांनी तेही नाकारलं. वर्षभर पगार न मिळालेली माणसं होती ही.

पेनसिल्व्हेनियाच्या सरकारचा प्रमुख जोसेफ रीड वाटाघाटीला आला. करार झाला, हजारावर सैनिकांना सोडावं लागलं. कागद वेळेत सापडेनात, मग शपथेवरच विश्वास ठेवला गेला आणि त्यात युद्ध संपेपर्यंत बांधलेलेही सुटले. पुढे त्यातले कित्येक जण पुन्हा भरती झाले, हाही भाग आहेच. पण त्याच महिन्यात न्यू जर्सी लाइनने बंड केलं तेव्हा वॉशिंग्टनने दोघांना गोळ्या घातल्या. आणि मे महिन्यात यॉर्क गावी वेनच्या माणसांत पुन्हा कुरबुर झाली, तेव्हा वेननेही तेच केलं. सैनिकांची बाजू मांडणारी पत्रं लिहिणारा हाच माणूस, त्यामुळे हे वाचताना जरा अडखळायला होतं.

येडा हे नावही याच सुमाराला पडलं म्हणतात. वेनच्या ओळखीचा एक हेर दंगा केल्याबद्दल अटकेत पडला. वेन सोडवेल अशी त्याची खात्री होती, पण वेनने फटक्यांची धमकी दिली. तेव्हा त्याने बोंब ठोकली की जनरलला वेड लागलंय.

जुलै 1781 मध्ये ग्रीन स्प्रिंगला तो कॉर्नवॉलिसच्या सापळ्यात अडकला. पळायचं सोडून त्याने मोजक्या माणसांनिशी उलटा हल्ला चढवला आणि गोंधळलेल्या इंग्रजांसमोरून निसटला. ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. हो, हाच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि 1792 मध्ये हरिपंत फडक्यांच्या मराठा फौजेसोबत श्रीरंगपट्टणला टिपूला वेढा घालून बसला.

युद्धानंतर वेनचं गणित गंडलं. जॉर्जियाने त्याला भाताची मोठी जमीन भेट दिली, तो गुलाम राबवून शेती करायला गेला आणि कर्जात बुडाला. काँग्रेसवर निवडून आला, तर निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून 1792 मध्ये जागाच रद्द झाली.

त्याच वर्षी वॉशिंग्टनने त्याला परत बोलावलं. आदल्या वर्षी ओहायोतल्या मूळनिवासी जमातींनी अमेरिकन फौजेचा धुव्वा उडवला होता, सहाशेवर सैनिक मेले होते. यावेळी राज्यांच्या लाइन वगैरे भानगड नव्हती. लिजन नावाची एकच फौज, आणि वेनने दोन वर्षं तिच्याकडून नुसती कवायत करून घेतली. ऑगस्ट 1794 मध्ये फॉलन टिंबर्सला त्याने लढाई जिंकली. पुढच्या वर्षीच्या तहात त्या जमातींची ओहायोतली बहुतेक जमीन गेली. अमेरिकेसाठी तो हिरो झाला, त्यांच्यासाठी अर्थातच नाही.

15 डिसेंबर 1796 ला एरी सरोवराकाठच्या किल्ल्यात संधिवाताच्या दुखण्याने तो गेला. तिथंच पुरला. 1809 मध्ये मुलगा आयझॅक बापाच्या अस्थी घरी न्यायला एक छोटी गाडी घेऊन आला. कबर उघडली तर प्रेत बरंचसं जसंच्या तसं! गाडीत मावणार कसं? मग डॉक्टरने मोठ्या कढईत प्रेत उकळून हाडं वेगळी केली. मांस परत एरीला पुरलं आणि हाडं रॅडनॉरच्या चर्चमध्ये. त्यामुळे वेनच्या कबरी आजही दोन आहेत. वाटेत काही हाडं गाडीतून पडली आणि दर 1 जानेवारीच्या रात्री जनरल घोड्यावरून ती शोधत फिरतो, असं तिकडचे लोक अजूनही सांगतात.