लोहाराच्या मुलाचे वेष्टण : मायकेल फॅराडे



उन्हाळ्यात पंख्याची मोटार जळते, तेव्हा मिस्त्री आतले वेटोळे उघडून दाखवितो. तांब्याची तार बहुधा शाबूत असते. जळालेले असते ते तिच्यावरचे वेष्टण. या वेष्टणाचे मोल ज्याने ओळखले, त्या मायकेल फॅराडेचे चरित्र आपण जाणून घ्यावे.

फॅराडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे व थोडे गणित एवढेच त्याचे शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचून काढी. १८१२ साली त्याने सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून त्यांनाच पाठविली, आणि १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचा मदतनीस झाला.

१८२१ साली त्याने पाऱ्याच्या भांड्यात लोंबती तार चुंबकाभोवती फिरविली. वीज व चुंबक यांच्या योगे झालेली ही पहिली अखंड फिरकी. आजच्या मोटारीचे बीज तेच. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तांब्याची वेटोळी गुंडाळली. उघडे वेढे एकमेकांना टेकले तर वीज जवळची वाट धरते, म्हणून मध्ये सुतळी व सुती कापड घातले. या कड्यातून विद्युतप्रवर्तनाचा शोध लागला. त्या कापडाचे इंग्रजी नाव आपल्या कालिकत बंदरावरून पडलेले आहे. सरदारकी व रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारून हा थोर पुरुष २५ ऑगस्ट १८६७ रोजी निवर्तला.

आता आपल्या प्रयोगाकडे वळू. घरी मोटार गुंडाळताना वेटोळ्यावर काय ओतावे? मेणबत्तीचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. प्लास्टर ओलावा शोषते. आपल्या वऱ्हाडचा कापूस कोरडा असता ९० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, वार्निशमध्ये बुडविला की १०५ पर्यंत. त्यापुढे ‘बी’ वर्ग १३०, ‘एफ’ १५५ आणि ‘एच’ १८० अंशांचा. इपॉक्सी घ्यावयाचे तर डब्यावरील अंश आधी वाचावेत. सर्वच इपॉक्सी सारखे नसतात. शिवाय हे हिशेब भोवतालची हवा ४० अंश धरून केलेले असतात. आपल्याकडे वैशाखात पारा त्याच्याही वर जातो; म्हणून एक वर्ग वरचा निवडणे शहाणपणाचे. जाड थर उष्णता कोंडतो, हेही ध्यानात ठेवावे. प्रयोग मात्र बॅटरीच्या सेलवरच करावा. घरातील विजेला हात लावू नये.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी जुनी मोटार उघडून बसली तर रागावू नका. फॅराडेजवळ ना पैसा होता, ना पदवी. होते ते वाचनाचे वेड, कामसू हात आणि एकेक वेढा नीट झाकण्याची चिकाटी. एवढे भांडवल आपल्या प्रत्येक घरात आहे.