पंपात आधी पाणी भरावं लागतं : लक्ष्मणराव किर्लोस्कर



होळी झाली की आपल्या तळेघरच्या पट्ट्यात डोंगरउतारावरचं गवत वाळून खडखडीत होतं. घराशेजारी जनावरांसाठी रचून ठेवलेल्या गवताच्या आणि पेंढ्याच्या गंज्या असतात. एक ठिणगी पुरते. घोडेगाव-मंचरच्या बाजूनं आगीचा बंब यायचा म्हटलं तर डिंभ्याकडून घाट चढून यावं लागतं. तोवर हाताशी काय असतं? शेतावरचा पंप आणि गुंडाळून ठेवलेला पाइप.

आता समजा, घाईत पंप चालू केला. मोटर घुमते आहे, पंखा फिरतो आहे, पण पाइपातून पाण्याचा थेंब नाही. कोणी म्हणेल मोटर जळाली, कोणी म्हणेल विहीर आटली. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं, पंप रिकामा असतो. त्यात पाणी भरून घेतलेलं नसतं, किंवा भरलेलं पाणी फूट व्हॉल्व्हमधून गळून गेलेलं असतं.

पंपावर किर्लोस्कर हे नाव आपली मुलं लहानपणापासून वाचतात. काही घरांत तर पंपाला दुसरा शब्दच नाही. पण ते नाव ज्यांचं, ते लक्ष्मणराव कोण होते, हे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर, आणि सोबत त्यांच्या पंपावरही.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. घरात वेदान्ताचं वातावरण. लक्ष्मणाचं मन मात्र पाठांतरात रमत नसे. त्याला दोन गोष्टींचा नाद होता, चित्रं काढणं आणि यंत्रं न्याहाळणं.

१८८५ साली थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारावर तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. दोनेक वर्षं गेली आणि एक अडचण पुढं आली. त्याला काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. डोळ्यांतच दोष होता. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी यापेक्षा मोठा धक्का कोणता?

इथं आपण शिक्षकांनी जरा थांबावं. असा मुलगा आपल्या वर्गात असता तर आपण त्याच्या प्रगतिपुस्तकावर काय लिहिलं असतं? त्याच्या डोळ्याला रंग कळत नव्हते, पण रेघ सरळ येत होती, माप चुकत नव्हतं. त्यानं रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायला घेतली. त्या कामाला रंग लागतच नाहीत. पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो यांत्रिक रेखाटन शिकवू लागला. म्हणजे लक्ष्मणराव आधी आपल्यातलेच एक, शिक्षक होते. शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांवर हात बसवला. पुस्तकात वाचलेलं यंत्र आणि खोलून पाहिलेलं यंत्र यांत किती अंतर असतं, हे त्यांना तिथंच समजलं.

सायकलीपासून नांगरापर्यंत

नोकरी चालू असतानाच भावाच्या जोडीनं बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात १८८८ सालची मानते ती या दुकानापासून. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. ती नुसती विकून भागत नसे, चालवायलाही शिकवावी लागे. गिऱ्हाइकाला वस्तू देऊन मोकळं व्हायचं नाही, ती वापरता आली पाहिजे, हा धडा पुढं फार उपयोगी पडला.

मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं छोट्याशा कारखान्यात कडबा कापायचं यंत्र बनवायला घेतलं. मग लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमारास नांगर तयार झाला, पण घेईना कोणी. लोखंडानं जमिनीत विष उतरतं आणि पीक जळतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे थोडेसे नांगर खपायलाही फार वेळ लागला.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवलं नाही. ज्याचं पोट एका हंगामावर अवलंबून आहे तो नव्या वस्तूला घाबरणारच. लाकडी नांगरापेक्षा लोखंडी नांगर जमीन खोल उलटतो आणि तण मुळासकट काढतो, हे शेतात दाखवावं लागलं. पाहिल्यावर विश्वास बसला.

माळावरचं गाव

नांगराला जरा मागणी येते तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला ती जमीन शहराच्या वाढीसाठी हवी होती. चाललेला कारखाना उचलून न्यायचा कुठं? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं.

१९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपल्या माणसांना घेऊन त्या माळावर आले. पाणी नाही, सावली नाही. निवडुंगाची बेटं आणि साप. सोबत शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे साथीदार होते. शाळेतल्या परीक्षांत फारसं न चमकलेली, पण हातात कसब असलेली माणसं लक्ष्मणरावांनी हेरली आणि मोठी केली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी पहाऱ्याचं काम विश्वासानं दिलं. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम. आज पलूस तालुक्यातलं ते गाव आणि ते स्टेशन किर्लोस्करवाडी या नावानं ओळखलं जातं.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा लाकडाचा कोळसा करून भट्ट्या पेटत्या ठेवल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफेचा नांगर झाला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, ती विसरत नाहीत.

मोटेकडून पंपाकडे

नांगरानं जमीन उलटली, पण पुढं पाणी कुठून द्यायचं? तेव्हा विहिरीवर मोट चालायची. बैल उतारावरून पुढं जायचे, चामड्याची मोट भरून वर यायची, रिकामी व्हायची, बैल मागं सरकायचे. दिवसभर बैल आणि माणूस दोघं थकले तरी भिजायचं थोडंच रान.

१९२६ साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतले. पुढं १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि वीज न पोहोचलेल्या विहिरींवरही डिझेल इंजिनाचा आवाज घुमू लागला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

हाच पंप आग कशी विझवतो?

बंब हा शब्द पोर्तुगीज बोंबा या शब्दावरून आला असं मानतात आणि बोंबा म्हणजे पंप. आगीच्या गाडीचा जीव खरोखरच तिच्या पंपात असतो. तोही बहुधा सेंट्रिफ्यूगल पंपच, शेतावरच्या पंपाचा थोरला भाऊ म्हणा. गाडीचं इंजिनच तो फिरवतं. काही साखर कारखाने आणि मोठ्या कंपन्या असे बंब स्वतःच बाळगतात, कारण सरकारी बंब येईपर्यंत थांबणं परवडत नाही. किर्लोस्कर ब्रदर्स आज आग विझवण्याचे पंपही बनवते.

या पंपाचं काम मुलांना असं सांगा. पंपाच्या पोटात पंखा असतो. तो जोरात फिरला की पाणी कडेला फेकलं जातं आणि दाबानं पाइपात जातं. मध्ये दाब कमी होतो, म्हणून बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला वर ढकलते. पण आत पाण्याऐवजी हवा असेल तर? हवा पाण्यापेक्षा साधारण ८०० पट हलकी, तिला फेकून काही दाब तयार होत नाही. म्हणून पंपात आधी पाणी भरावं लागतं. आगीच्या गाडीवर हवा काढून टाकायला प्रायमर असतो, आपण शेतावर बादलीनं भरतो.

हवेच्या ढकलण्यालाही मर्यादा आहे. समुद्रसपाटीला पाणी फार तर १० मीटर चढेल, प्रत्यक्षात ६-७ मीटर धरावं. डोंगरमाथ्यावर हवा विरळ. दर हजार मीटर उंचीला ही मर्यादा साधारण एक मीटरनं घटते. म्हणून आपल्याकडं पंप पाण्याच्या जितका जवळ बसवाल तितकं बरं.

बंबावरची माणसं जो क्रम पाळतात तो आपल्यालाही उपयोगी आहे.

१. ओढणारा पाइप कडक असतो, नाहीतर तो आत चेपतो. त्याच्या टोकाला जाळी असते आणि ती पाण्यात चांगली खोल बुडलेली पाहिजे. वर राहिली तर भोवरा होऊन हवा शिरते.

२. पाणी फेकणारा पाइप आधी पूर्ण उलगडून घ्यायचा. एक पीळ राहिला तरी पुढं पाणी पोहोचत नाही.

३. पंप भरायचा, सुरू करायचा आणि मग बाहेरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. एकदम उघडला तर पाइपाला हिसका बसतो.

४. नोझल धरणारा पाय रोवून उभा राहतो. पाणी पुढं जातं तसा नोझल मागं ढकलतो. मोठ्या पाइपाला दोन माणसं लागतात. सोडून दिलेला नोझल सापासारखा फटके मारतो.

५. पाणी ज्वाळांच्या टोकावर मारायचं नाही, जळत्या वस्तूच्या बुडाशी मारायचं.

६. विजेची आग असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. तेल पेटलं असेल तर त्यावर पाणी ओतायचंच नाही.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवा. आग दिसली की मुलांनी दूर पळायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. हे यंत्र समजून घ्यायचं वय त्यांचं आहे, आगीपुढं उभं राहायचं नाही.

वर्गात करून पाहा

पाण्यानं अर्ध्या भरलेल्या भांड्यात पळी गोल फिरवा. पाणी कडेला चढतं आणि मध्ये खळगा पडतो. पंपाच्या पोटात हेच होतं.

शीतपेयाच्या नळीनं एका मुलाला पाणी ओढायला सांगा. मग तिच्या वरच्या भागाला टाचणीनं दोन-तीन छिद्रं पाडून पुन्हा ओढायला सांगा. पाणी वर येत नाही. गळक्या जोडाचा पंप का चालत नाही, ते सांगावं लागणार नाही.

शक्य असेल तर जवळच्या शेतावर नेऊन पालकांनाच पंप भरून दाखवायला सांगा. आपल्या आईला, बाबाला हे येतं हे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघण्यासारखं असतं.

लक्ष्मणरावांची जयंती २० जूनला, म्हणजे शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि आपल्याकडं भाताची रोपं वर येत असतात. त्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालाच. पण ज्या मुलाला रंग ओळखता येत नाहीत, पाढे येत नाहीत, मात्र घरचा पंप तो एका हातानं चालू करतो, त्याला वर्गासमोर उभं करा आणि ते काम समजावून सांगायला लावा. उद्या वस्तीवरची गंजी पेटली तर पंप आधी भरायला हवा हे ज्याला ठाऊक आहे, तोच उपयोगाला येणार आहे. वर्षभर तो बाक धरून गप्प बसतो, कारण त्याला जे येतं ते त्याला कधी कोणी विचारलेलंच नसतं.