आन्सेल्म पायें

आन्सेल्म पायें (६ जानेवारी १७९५, पॅरिस – मे १८७१, पॅरिस) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक व अध्यापक होते. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील मुख्य घटक असलेले सेल्युलोज त्यांनी प्रथम वेगळे केले व त्याचे रासायनिक संघटन निश्चित केले. प्रथमच वेगळे केले गेलेले विकर (एंझाइम) म्हणजे डायास्टेज. त्याच्या शोधातही त्यांचा वाटा होता. कागद, कापड आणि सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू यांविषयीचे आजचे संशोधन त्यांच्या कार्यावर उभे आहे.

सुरुवातीचे जीवन

पायें यांचे वडील पेशाने वकील होते. पुढे त्यांनी पॅरिसजवळ रासायनिक पदार्थांचे कारखाने उभारले. आन्सेल्म यांचे सुरुवातीचे शिक्षण घरी वडिलांच्या देखरेखीखाली झाले. नंतर त्यांनी व्होक्लँ व शेव्हरल या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे अध्ययन केले.

उद्योगातील कार्य

विशीतच पायें यांच्याकडे टाकणखाराच्या कारखान्याची व्यवस्था आली. त्या काळी युरोपात टाकणखार पूर्वेकडून येत असे आणि त्याचा व्यापार डच व्यापाऱ्यांच्या हाती होता. पायें यांनी सोडा व बोरिक आम्ल यांपासून टाकणखार तयार करण्याची पद्धत बसवली. हा माल स्वस्त पडल्यामुळे डचांची मक्तेदारी मोडली.

वडिलांच्या निधनानंतर त्यांनी बीटपासून साखर करण्याच्या धंद्यात लक्ष घातले. साखरेच्या रसाचा रंग काढण्यासाठी हाडांचा कोळसा वापरण्याच्या पद्धतीचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि कोळशाची रंग शोषण्याची क्षमता मोजणारे उपकरणही बनवले.

डायास्टेज

१८३३ मध्ये पायें व झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आणलेल्या सातूच्या अर्कात अल्कोहोल घालून एक पांढरा पदार्थ वेगळा केला. अत्यल्प प्रमाणात असूनही तो भरपूर स्टार्चचे साखरेत रूपांतर करी. मात्र उकळल्यावर त्याची ही शक्ती नाहीशी होई. या पदार्थाला त्यांनी डायास्टेज हे नाव दिले. पुढे विकरांच्या नावांना ‘एज’ हा प्रत्यय लावण्याची प्रथा याच नावावरून पडली.

सेल्युलोजचा शोध

१८३५ च्या सुमारास पायें पॅरिसमधील एकोल सांत्राल या तंत्रविद्यालयात प्राध्यापक होते. तोवर लाकूड हा सर्वसाधारणपणे एकच पदार्थ मानला जाई. पायें यांनी निरनिराळ्या झाडांच्या लाकडावर नायट्रिक आम्ल, अल्कली, अल्कोहोल व ईथर यांच्या क्रमाक्रमाने प्रक्रिया केल्या. तेव्हा प्रत्येक वेळी मागे एकसारखाच पांढरा तंतुमय पदार्थ उरला. कोवळे बीजांड, मुळांची टोके आणि कापूस यांतूनही तोच पदार्थ मिळाला. त्यातील कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण स्टार्चमधील प्रमाणाइतकेच असल्याचे त्यांनी दाखवले, तरीही दोन्हींचे गुणधर्म पूर्णपणे भिन्न होते. १८३८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. १८३९ च्या अकादमीच्या अहवालात या पदार्थासाठी सेल्युलोज हा शब्द वापरला गेला.

तंतूंभोवती साचून लाकडाला कठीणपणा देणारा दुसरा पदार्थ कार्बनने अधिक समृद्ध असतो, हेही पायें यांनी ओळखले. आज त्याला लिग्निन म्हणतात. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना लिग्निन काढून टाकून सेल्युलोज राखावे लागते. रासायनिक लगद्याच्या उद्योगाचे मूलतत्त्व हेच आहे.

हे मत सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. एदमों फ्रेमी यांच्या मते वनस्पतींच्या निरनिराळ्या भागांत सेल्युलोजचे निरनिराळे प्रकार असतात. पायें यांच्या मते मूळ पदार्थ एकच असून फरक त्यात मिसळलेल्या इतर द्रव्यांमुळे दिसतो. हा वाद अनेक वर्षे चालला. पुढील संशोधनाने पायें यांची बाजू मुख्यतः खरी ठरवली.

अखेरची वर्षे

१८४२ मध्ये पायें विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. औद्योगिक रसायनशास्त्र व अन्नपदार्थ या विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसला वेढा पडला, तेव्हा वय पंचाहत्तरीला आलेले असूनही त्यांनी शहर सोडले नाही. अन्नटंचाईच्या त्या काळात पर्यायी अन्नपदार्थांवर त्यांचे काम सुरू होते. मे १८७१ मध्ये, पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत, त्यांचे निधन झाले.

वारसा

सेल्युलोज हा ग्लुकोजच्या घटकांची लांब साखळी असलेला बहुवारिक आहे, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. अशा अनेक साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकत्र बांधल्या जाऊन काही नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू बनतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत लाकडाचा लगदा उच्च दाबाखाली अरुंद फटीतून पुनःपुन्हा दवडून हे तंतू मोकळे करण्याची पद्धत विकसित झाली. त्यांपासून मिळणारा जेलीसारखा पदार्थ कागदाला बळकटी देण्यासाठी, रंग दाट करण्यासाठी व वेष्टनासाठी उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात या विषयाचा संबंध कापसाशी येतो, कारण कापसाच्या तंतूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. मुंबईतील माटुंगा येथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोज निर्मितीचा पथदर्शी प्रकल्प उभारण्यात आला. पऱ्हाट्यांपासून फळ्या बनवण्याच्या तंत्रावरही या संस्थेने काम केले आहे. जालन्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत वेचणीनंतर उरणाऱ्या पऱ्हाट्या बहुधा सरपण म्हणून वापरल्या जातात किंवा शेतातच जाळल्या जातात. मऊ कापूस आणि कठीण पऱ्हाटी यांत एकच पदार्थ आहे, या पायें यांच्या निष्कर्षामुळेच अशा अवशेषांकडे कच्चा माल म्हणून पाहणे शक्य झाले.

अमेरिकन केमिकल सोसायटीचा सेल्युलोज विभाग या क्षेत्रातील उल्लेखनीय संशोधनासाठी आन्सेल्म पायें पुरस्कार देतो. हा पुरस्कार १९६२ पासून दिला जात आहे.