एकट्याच्या शर्यतीतली सोबत

जून उजाडला, की आमच्याकडे शाळेच्या बुटांची खरेदी ठरलेली असे. वडील आम्हा तिघा भावंडांना बाटाच्या दुकानात नेत आणि वाढत्या पायाला म्हणून एक नंबर मोठाच जोड घेत. ही बाटा कंपनी आपल्याकडचीच, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. ती मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावची, हे मला कळलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, पहाटेच्या मैदानावर.

त्याचं असं झालं. मुलगा परदेशी गेला, घर शांत झालं आणि त्यातच डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली. मग मी मैदानाला फेऱ्या मारू लागलो. मान खाली, कुणाशी बोलणं नाही. आठवडाभरात कंटाळलो. सोडून देणार, एवढ्यात एक निवृत्त पी.टी.चे सर शेजारून पळू लागले. बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं, असं त्यांनी सांगितलं. आणि भर शर्यतीत प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारणाऱ्या एमिल झाटोपेकची गोष्ट सुरू केली. ती पुरी व्हायला चार-पाच दिवस लागले. मैदान सुटलं नाही, ते त्यामुळेच.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२चा, कोप्रझिव्हनित्से या गावातला. वडील सुतार, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. सोळाव्या वर्षी तो बाटाच्या कारखान्यात लागला. १९४१ मध्ये गावात शर्यत ठरली आणि त्याचं नाव घातलं गेलं. अंगात ताकद नाही, अशी सबब त्यानं सांगून पाहिली. पण डॉक्टरांनी धडधाकट ठरवलं! नाइलाजानं तो धावला आणि शंभर जणांत दुसरा आला. तिथून त्याला धावण्याचं जे वेड लागलं, ते लागलंच.

युद्धानंतर तो सैन्यात गेला. लष्करी जडशीळ बूट घालून सराव करू लागला. चारशे मीटर जोरात, मग थोडं सावकाश, पुन्हा जोरात. पुढे पुढे तर एका दिवसात अशा साठ-साठ फेऱ्या! धावताना मान वाकडी, जीभ बाहेर, चेहऱ्यावर अशा वेदना, की पाहणाऱ्याला वाटावं, हा आता कोसळणार. तो कोसळत नसे. बाकीचे मागे पडत. आणि आपली ही पद्धत विचारील त्याला तो मोकळेपणानं सांगे. विचारणारा उद्याचा प्रतिस्पर्धी असला तरी!

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यानं दहा हजार मीटरचं सुवर्ण मिळवलं. पुढचं ऑलिम्पिक १९५२चं, हेलसिंकीचं. खाशाबा जाधवांच्या कुस्तीतल्या कांस्यपदकामुळे ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिथं जाण्याआधीच एक पेच पडला. संघातल्या युंगविर्त या धावपटूचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून सरकारनं त्याला वगळलं. तो येणार नसेल तर मीही येत नाही, अशी भूमिका झाटोपेकनं घेतली. त्या राजवटीत हे धाडस महागात पडू शकलं असतं. अखेर सरकार नमलं आणि दोघेही गेले.

हेलसिंकीत त्यानं दहा हजार मीटर जिंकली, मग पाच हजार. त्याच दिवशी त्याची पत्नी दाना हिनं भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. गंमत म्हणजे नवरा-बायकोची जन्मतारीख, वर्षासकट, एकच! एवढ्यावर न थांबता गडी मॅरेथॉनमध्ये उतरला, आयुष्यात पहिल्यांदाच. वाटेत त्यानं नामांकित इंग्रज धावपटू जिम पीटर्सला विचारलं, हा वेग बरोबर आहे का? पीटर्सनं त्याला फसवायला म्हणून वेग कमीच असल्याचं सांगितलं. एमिलनं ते खरं मानलं आणि वेग वाढवला! पीटर्सला शर्यत पुरी करता आली नाही. एमिल २ तास २३ मिनिटांत पहिला आला. एकाच ऑलिम्पिकमध्ये ही तिन्ही सुवर्णं मिळवणारा धावपटू आजवर दुसरा झालेला नाही.

पण सरांचा आवाज हलायचा तो पुढच्या प्रसंगाला. फ्रान्सचा आलँ मिमून ऑलिम्पिकमध्ये तीनदा एमिलच्या मागे दुसरा आला होता. १९५६ मध्ये मेलबर्नची मॅरेथॉन मिमूननं जिंकली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठलेला एमिल सहावा आला. मिमून सत्कार सोडून अंतिम रेषेपाशी त्याची वाट पाहत उभा होता. दमलेल्या एमिलनं टोपी काढून त्याला सलाम केला आणि मिठी मारली.

दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. अनेक विश्वविक्रम नावावर, पण ऑलिम्पिकचं सुवर्ण नाही. निरोप देताना एमिलनं त्याच्या हाती एक पुडकं ठेवलं. क्लार्कनं ते नंतर उघडलं. आत एमिलचं हेलसिंकीचं सुवर्णपदक होतं.

१९६८ मध्ये रशियन रणगाडे देशात घुसले, तेव्हा एमिल उघडपणे विरोधात बोलला. पक्षातून आणि सैन्यातून त्याची हकालपट्टी झाली. घरापासून दूर, जमिनीत भोकं पाडणाऱ्या कामगारांच्या टोळीत त्याला राबावं लागलं. दबावाखाली पुढे त्यानं आपली भूमिका मागे घेतली आणि त्यासाठी काहींचे बोलही ऐकले. तो देव नव्हता, माणूस होता. १९९० मध्ये सरकारनं त्याची माफी मागितली. नोव्हेंबर २००० मध्ये तो प्रागमध्ये वारला.

पदकं कपाटात राहतात. एमिलनं तर त्यातलंही एक देऊन टाकलं. माणसं मात्र त्यानं आयुष्यभर जोडली. धावणं हे एकट्यानं करायचं काम, असं मी समजत होतो. खरं तर पाय तेवढे ज्याचे त्यानं उचलायचे. बाकी सगळं मिळूनच करायचं असतं.

आता आम्ही सात-आठ जण असतो. सरांनी सत्तरी ओलांडली आहे, वेग पार कमी झाला आहे. आमच्या फेऱ्या कधीच संपलेल्या असतात. पण सरांची शेवटची फेरी पुरी होईपर्यंत कुणी स्कूटरला किक मारत नाही आणि टपरीवर चहाही सांगत नाही.