हिशेब उघडा, दारही उघडं

ऑफिस असो की बचत गट, पैशांवरून कुजबूज सुरू झाली की समजावं, हिशेब कुठंतरी झाकलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेकीनं हे अडीचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

जामखेड तालुक्यातल्या चोंडीला १७२५ मध्ये माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्या जन्मली. होळकरांची सून झाली. सासरे मल्हाररावांनी तिला कारभारात तयार केलं. पण १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव.

एकट्या बाईला काय जमणार, असं दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांना वाटलं. एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपण पाहावा, हा त्यांचा बेत. राघोबादादा त्यांच्या पाठीशी फौजेनिशी निघाले. अहिल्याबाईंनी गुपचूप तडजोड केली नाही. सरदारांना पत्रं धाडली, पुण्याला कळवलं. माधवराव पेशव्यांनी त्यांचाच हक्क मान्य केला.

पुढं महेश्वरला त्या पडदा न घेता रोज दरबारात बसत. रयतेतलं कुणीही येऊन गाऱ्हाणं सांगू शके. मधल्या माणसानं कानात सांगितलेलं खरं मानायची वेळच येत नसे.

पैशाचंही तसंच. होळकरांकडे 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे हिशेब होते. खासगीचं उत्पन्न बाईंचं, दौलतीचं राज्याचं. काशी विश्वेश्वराचं मंदिर, घाट, विहिरी, धर्मशाळा यांसारख्या दानधर्माला त्यांनी खासगीतला पैसा लावला. आपल्या पुण्याईचा भार रयतेच्या तिजोरीवर टाकला नाही.

हे सोपं नव्हतं बरं का! फौज सांभाळणारे तुकोजीराव मोहिमांसाठी पैसे मागत, बाई आधी हिशेब मागत. त्यावरून खटके उडाले, कटुता आली. तरी त्यांनी हिशेब मागणं सोडलं नाही. तुकोजीरावांना मान होता, पण हिशेबातून सूट नव्हती.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. मैत्रिणींनो, नाव पाटीवर आलं. वही मात्र आपणच उघडी ठेवायची आहे. गटाची अध्यक्ष असा किंवा ऑफिसातली साहेब, घरचा खर्च आणि संस्थेचा खर्च यांच्यात एक रेघ ओढा. आणि ती रेघ सगळ्यांना दिसू द्या.